व्हॉल्व्ह तापेपर्यंत

पुण्याजवळच्या भुकूमच्या बंगल्यांत शनिवारी आवाजाचे परीक्षक जमले, की गिटारच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरांची ठरलेली चर्चा: चार ईएल८४ व्हॉल्व्हवाला व्हॉक्स एसी३० कसा खणखणतो, फेंडरचे ६एल६ कसे स्वच्छ बोलतात, मार्शलचे ईएल३४ कसे गुरगुरतात. फरक खरा आहे. डोळे मिटून ओळखणारे विरळा, म्हणून डोळे उघडेच ठेवतात. अमेरिकेतून आणलेलं धूड १२० व्होल्टचं, त्याला आधी ट्रान्सफॉर्मर. मग तापेपर्यंत नारिंगी उजेडाचं मौन दर्शन. गंमत म्हणजे हाच ईएल८४ जुन्या रेडिओंतही असायचा. ट्रान्झिस्टर येताच आजोबांनी तो रेडिओ माळ्यावर टाकला, नंतर भंगारवाल्याला दिला. नातू आता तसलाच व्हॉल्व्ह हजारो रुपये मोजून आणतो. एवढ्या सरंजामावर वाजतं काय? गिटारच्या दुकानात सगळे वाजवतात तेच. तेही पौड रस्त्यावरून डीजेची गाडी जाईपर्यंतच.