पूर्ण तिकिटाचा माणूस

लग्नपत्रिकांचं काय करायचं हा मराठी घरातला जुना प्रश्न आहे. वर गणपती छापलेला असतो, त्यामुळे रद्दीत टाकायला मन धजत नाही. लग्न लागून वधूवर दोन मुलांचे आईबाप झाले तरी पत्रिका आपली टीव्हीखालच्या कप्प्यात पडून. आमच्या घरी या साठ्याला शेवटी गिऱ्हाईक मिळालं. माझी मुलगी सई हिने एसटी सुरू केली आणि तिकिटांना जाड कागद लागला. आजींनी एका अटीवर परवानगी दिली, गणपतीला कात्री लागता कामा नये. त्यामुळे आमच्या तिकिटांवर 'आपले विनीत', 'आहेर आणू नये' असा मजकूर येतो, आणि कातरलेले गणपती देवघराच्या फळीवर एकावर एक साठत चालले आहेत.

खरी एसटी 1 जून 1948 ला पुणे–अहमदनगर रस्त्यावर पहिल्यांदा धावली. आमची हॉल ते बेसिन धावते. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या दोन रांगांत लावायच्या, पुढे शेजारचा ओजस पातेल्याचं झाकण हातात धरून बसतो, तो चालक. त्याचं वय असं आहे की झाकण डावीकडे फिरवलं की तो स्वतःही डावीकडे कलंडतो. वाहक अर्थातच सई. स्टीलचा पेला आणि चमचा ही घंटी. एकदा वाजली की थांब, दोनदा वाजली की चल. टीव्हीचा रिमोट हे तिकिटाचं यंत्र. मी तिला माझ्या लहानपणचे कंडक्टर सांगितले, तिकिटांच्या गठ्ठ्यांचा पत्र्याचा ट्रे, तिकिटाला भोक पाडणारा चिमटा, त्याची टकटक. तिने सहानुभूतीने ऐकून घेतलं आणि रिमोटची बटणं दाबत विचारलं, "कुठे जायचंय?"

या बसमध्ये पुढची एक खुर्ची कायम आमदारांसाठी राखीव असते. खऱ्या एसटीतल्या त्या पाटीचा सईवर फार परिणाम झालेला आहे. तिथे एक कान तुटलेला ससा बसतो. बाकी सगळे उभे राहिले तरी चालतील, पण सशाला उठवायचं नाही.

आजींना आपण गाडीत बसलो आहोत हे आधी ठाऊकच नव्हतं. त्या आपल्या खुर्चीत वाती वळत होत्या आणि गाडी त्यांच्याभोवती लागली. तिकीट मागितल्यावर मात्र त्या तत्काळ प्रवासी झाल्या. "मला कसलं तिकीट? पंच्याहत्तरी झालीय माझी." 2022 पासून पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट आहे, हे त्यांना पक्कं माहीत. वाहकाने आधार कार्ड मागितलं. आजी उठल्या, आत गेल्या, पाकिटातून खरंखुरं आधार कार्ड घेऊन आल्या. मग गाडी नरसोबाच्या वाडीला जाते का, याची चौकशी केली. जाते म्हणाली, बेसिनपाशी थांबते. बायकोने 2023 पासून बायकांना निम्मं भाडं आहे याची आठवण करून दिली आणि अर्धं तिकीट घेतलं. अर्धं म्हणजे सईने पत्रिकेचा तुकडा दोन बोटांनी फाडून दिला. आमदार पासवर. अशा रीतीने घरात पूर्ण तिकिटाचा माणूस मी एकटाच उरलो, आणि माझ्याकडे कधीच सुट्टे नसतात. ही भूमिका मला लिहूनच दिलेली आहे. मी पाचशेची नोट काढायची, तिने कपाळाला हात लावायचा.

मुलांच्या खेळात मोठ्या माणसाची अडचण पैशांची नसते. अडचण ही, की त्याला खेळ सुधारायचा असतो. माझे मेव्हणे एका रविवारी आले. ते इंजिनिअर आहेत. त्यांनी खुर्च्या सुतात आणल्या, थांब्यांचा तक्ता करून भिंतीला चिकटवला आणि ओजसला झाकण दोन्ही हातांनी कसं धरावं ते दाखवलं. इथवर ठीक होतं. मग ते सईला म्हणाले, "बरं कंडक्टरबाई, पंधरा रुपयांची चार तिकिटं, तर किती झाले?" सईने त्यांच्याकडे पाहिलं, मग चालकाकडे पाहिलं. चमचा पेल्यावर एकदाच वाजला. "गाडी बंद पडली आहे. सगळ्यांनी मागच्या गाडीत बसून घ्या." मागची गाडी टेबलाखाली लागली होती. तिथे मेव्हणे मावण्यासारखे नव्हते. ते बराच वेळ सुतात लावलेल्या रिकाम्या बसमध्ये आमदारांशेजारी बसून होते.

मी मेव्हण्यांना हसतो, पण शिकवण्याची खाज प्रत्येकालाच असते. दुकानातली महागडी खेळणी तर बुद्धी वाढेल असं खोक्यावर छापूनच येतात. सेल घातले की ती स्वतःच गातात, स्वतःच नाचतात, आणि मूल समोर बसून बघतं. दोन दिवसांनी खेळणं माळ्यावर जातं आणि खोकं खाली राहतं. खोक्याची ही थोरवी रीतसर मान्यही झालेली आहे. अमेरिकेत रॉचेस्टर गावी खेळांचं एक मोठं संग्रहालय आहे. तिथे थोर खेळण्यांची मानाची यादी करतात. बार्बी बाहुली त्या यादीत 1998 लाच जाऊन बसली. तिच्या मागोमाग 2005 साली पुठ्ठ्याचं खोकं आलं, 2008 साली काठी आणि 2011 साली पांघरूण. म्हणजे आमच्या घरातला बराचसा पसारा आता सन्मानित आहे. बायकोला ही यादी वाचून दाखवली. ती म्हणाली, सन्मानितांना कॉटखाली सरकव.

आपल्याकडे हे कळायला संग्रहालयाची गरज पडली नव्हती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी पाड्यांवरच्या मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, त्या शंख-शिंपले, खडे, बिया आणि पानं यांच्या बळावर. पैसे नव्हते हे तर खरंच, पण ही मुलांची रोजच्या हाताखालची वस्तू होती, त्यांना ती ओळखीची होती. मॉलमधल्या खेळण्यांच्या दुकानात शिरलो की मला कोसबाड आठवतं. सईला बरोबर नेलेलं असेल तर फार वेळ आठवू देत नाही.

आता खरी गोष्ट. सई शाळेतून आली की मी विचारतो, "आज काय झालं शाळेत?" ती म्हणते, "काही नाही." डब्यात काय होतं हेसुद्धा तिला आठवत नाही. हीच मुलगी वाहक झाली की बोलते. परवा गाडीत गर्दी नव्हती. आजी आत होत्या, बायको कामावरून यायची होती. आमदार आणि मी. मी पाचशेची नोट काढली तरी तिने कपाळाला हात लावला नाही. मी म्हटलं, "काय कंडक्टरबाई, आज डोकं दुखतंय वाटतं?"

"नाही हो," ती म्हणाली. "सकाळच्या फेरीला एक बाई होत्या. रोज माझ्या शेजारी बसतात. आज दुसऱ्यांच्या शेजारी बसल्या. मी जागा धरली होती."

मी बाप असतो तर लगेच म्हटलं असतं की अगं, तू दुसरी मैत्रीण कर. प्रवाशाला असलं काही बोलण्याचा अधिकार नसतो. मी म्हटलं, "होतं असं. आमच्या ऑफिसच्या गाडीतही होतं."

"मग तुम्ही काय करता?"

"खिडकीतून बाहेर बघतो."

तिने यावर विचार केला. आमच्या बसला खिडक्या नाहीत, तेव्हा तिने टॉवेल वाळत घालायचा स्टँड ओढत आणला आणि माझ्या बाजूला उभा केला. आम्ही दोघे थोडा वेळ त्याच्या दांड्यांमधून बाहेर बघत बसलो. बाहेर फ्रिज होता. मग तिला काय आठवलं कोण जाणे, तिने पेला उचलून एकदा वाजवला.

"स्वारगेट! चला, उतरा. मला रिकामी गाडी डेपोत न्यायचीय."

"अहो, पण मला पुढे जायचं होतं."

"तिकीट इथपर्यंतच आहे."

मी उतरलो. स्वारगेट म्हणजे बाथरूमचं दार. आत आजी होत्या, त्यामुळे मला स्टँडवर बराच वेळ ताटकळावं लागलं.