अंगठा म्हणजे किती माणसं?

(व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या आवतनाला उत्तर कसं द्यावं : सोनगीर व परिसरातल्या नवशिक्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका)

कालपर्यंत घरची आवतनं वडील सांभाळत होते. यंदा त्यांनी ‘पोराच्या नंबरवर टाका’ असं सगळ्या गोतावळ्याला सांगून अंग काढून घेतलं, आणि तुळशीचं लग्न लागल्यापासून तुमचा फोन खिशात थरथरतोय. तुम्ही आता घरातले कर्ते झालात. अभिनंदन. घाईघाईने अंगठा मात्र दाबू नका.

आधी आलेली वस्तू ओळखायला शिका. भाऊबंदांच्या ग्रुपवर पडलेली पत्रिका ही नुसती बातमी असते. तुमच्या नंबरवर, वर ‘जिभाऊ’ किंवा ‘आप्पा’ असं लिहून आलेली पत्रिका हे आवतन. आणि पत्रिकेपाठोपाठ ‘टाकली आहे बरं का, पाहिली ना?’ असा फोन आला तर तो मान. जावई आणि व्याही या पायरीच्याही वर बसतात. त्यांच्या घरी जाऊन, कुंकू लावून, हातात कागदच द्यावा लागतो. कुलदेवीपुढेही कागदच ठेवतात. त्यामुळे ‘आम्ही यंदा पत्रिका छापल्याच नाहीत, सगळं ऑनलाइन’ असं कोणी सांगितलं तर समजावं की थोड्या छापल्या आहेत आणि त्यांतली एक तुमच्यासाठी नाही.

पत्रिका उघडली की दोन बोटांनी ती मोठी करायची आणि खाली सरकत जायचं. वधूवरांची नावं, मुहूर्त, स्थळ यांवर रेंगाळू नये, ते नंतर कोणीही सांगतं. पुढाऱ्यांचे फोटो ओलांडले की ‘स्वागतोत्सुक’, ‘कार्यवाहक’, ‘व्यवस्थापक’ आणि ‘समस्त मित्रपरिवार’ असा बारीक अक्षरांचा मोठा मुलूख लागतो. तिथे आपल्या घराचं नाव आहे का, कितव्या ओळीत आहे आणि चुलत्याच्या वर आहे की खाली, हे पाहिल्याशिवाय उत्तर लिहू नये. नाव नसेल तर लगेच रुसू नका. पूर्वी छापून झालेल्या पत्रिकेवर इलाज नव्हता. आता संध्याकाळपर्यंत ‘सुधारित पत्रिका’ येते.

पत्रिकेवर ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का दिसला तर? जुनी मंडळी याचा राग धरतात : आम्हाला दुसऱ्याकडून आलेलं सरकवलं! इथे यजमानाची बाजूही समजून घ्या. एकदा पाठवलेली पत्रिका पुढे सरकवायची तर एका वेळी पाचच ठिकाणी जाते. सहाशे घरांचा पसारा असेल तर नवरदेवाचा धाकटा भाऊ रात्रभर पाचापाचाने पुढे ढकलत बसतो. ही मर्यादा कशामुळे आली हे आपल्या जिल्ह्यात तरी विसरू नये. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारलं. भिक्षुकीवर पोट असलेली ती डवरी गोसावी समाजाची माणसं होती. तेव्हा देशात अशा घटना जागोजागी घडत होत्या आणि अफवा याच फोनवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतापुरतं पाचाचं कुंपण घातलं. तेव्हा पत्रिका उशिरा आली म्हणून कुरकुर करू नका.

काही यजमान शहाणपणा करून ‘ब्रॉडकास्ट’ लावतात. एका यादीत २५६ जण बसतात, काम एका दाबात होतं. मात्र ज्यांनी यजमानाचा नंबर आपल्या फोनात साठवून ठेवलाय, त्यांनाच तो संदेश पोचतो. म्हणजे ज्या मामांनी भाच्याचा नंबर कधी सेव्हच केला नाही, त्यांना पत्रिका मिळत नाही, आणि पुढची पाच वर्षं तेच मामा ‘आम्हाला साधं आवतन नाही’ म्हणून सांगत फिरतात.

आता सगळ्यांत नाजूक भाग. आवतन चूलबंद आहे की घरटी एक? पूर्वी सांगायला येणारा माणूस दारातच बोलून मोकळा व्हायचा. ‘चूलबंद’ म्हणाला की त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी जेवायला यायचं. ‘घरटी एक’ म्हणाला की एकाने जाऊन यायचं. त्यात अपमान नव्हता, हिशेब होता. पत्रिका मात्र सगळ्यांनाच ‘सहकुटुंब, सहपरिवार’ म्हणते, त्यामुळे त्यातून काहीच कळत नाही. सरळ विचारणं बरं दिसत नाही. आडून विचारा : ‘आईलाही आणू का?’ ‘हे काय विचारणं झालं? सगळे या!’ असं बोलून, आवाज पाठवून उत्तर आलं तर चूलबंद. नुसते जोडलेले हात आले तर घरटी एक.

मग तुमचं उत्तर. इथल्या बोलीत ‘येणार नाही’ हे वाक्य नाही. शुभकार्याला नाही म्हणू नये, म्हणून कोणीच म्हणत नाही, आणि त्याऐवजी जे म्हणतात त्याचा अर्थ नवशिक्याने पाठ करावा. ‘नक्की येतो’ म्हणजे निम्मी खात्री. ‘येतोच, घरचंच काम आहे’ म्हणजे हळदीला येईल, बँडपुढे नाचेल, लग्नाच्या दिवशी झोपलेला असेल. ‘प्रयत्न करतो’ म्हणजे नाही. ‘देखूत’ म्हणजेही नाही, पण प्रेमाने. ‘खूप खूप शुभेच्छा’ लग्नाच्या पंधरा दिवस आधीच आल्या, तर त्या माणसाने तेव्हाच अक्षदा टाकून घेतल्या असं धरावं. आणि अंगठा? अंगठा म्हणजे शून्यापासून सात माणसांपर्यंत काहीही.

तुम्हाला वाटेल, एवढं काय अडतं? अडतं ते आचाऱ्याचं. वरण वाढवता येतं, तांब्याभर पाणी आणि चिमूटभर मीठ. वांग्याच्या घोटलेल्या भाजीलाही ओढूनताणून पुरवतात. बट्टीचं तसं नाही. गव्हाचं जाडंभरडं पीठ, त्यात थोडा मका, ओवा, हळद, मोहन; ते घट्ट मळायचं, गोळे उकडायचे, निवले की कापायचे आणि मग कढईत सोडायचे. पंगत बसल्यावर ‘अजून पन्नास पानं आहेत’ म्हणून ओरडलं तर पन्नास पानांची बट्टी आभाळातून पडत नाही. आदल्या रात्री पिठाच्या गोण्या सोडताना आचारी एकच प्रश्न विचारतो : ‘कितला जन?’ यजमान मांडवाच्या खांबाला टेकून फोन चाळत असतो. चौऱ्याऐंशी अंगठे, एकतीस जोडलेले हात, सहा गुलाब, एक नाचणारी बाई. तो आचाऱ्याला तीनशे सांगतो, आचारी स्वतःच्या हिशेबाने साडेचारशेचं भिजवतो, आणि बहुतेक वेळा आचारीच बरोबर निघतो.

२०२४ पासून ग्रुपवर ‘इव्हेंट’ टाकायची सोय झाली आहे. येणार, नाही, कदाचित, यांतलं एक दाबायचं. शिकलेल्या पुतण्यांना तिचं फार कौतुक. प्रत्यक्षात ‘नाही’वर बोट ठेवायला कोणी धजत नाही, कारण खाली नाव दिसतं. सगळा समाज ‘कदाचित’वर जमतो. सुरतचे मेव्हणेही त्यातच असतात, आणि लग्नाच्या सकाळी नरडाण्याला गाडीतून ते, त्यांचे दोघे पाहुणे, शेजारी आणि शेजाऱ्याची सासू असे उतरतात. म्हणून तुम्ही एवढंच करा : आकडा लिहा. ‘चार जण येऊ. आई तिखट खात नाही.’ इतकं उघडं बोलल्याबद्दल आधी लोक चमकून पाहतील. आचारी मात्र तुम्हाला बट्टीवर तूप घालताना विसरणार नाही.

‘पाहिलंच नाही’ ही सबब बाद झाली. निळ्या खुणा २०१४ मध्ये आल्या. त्या बंद करता येतात, पण ग्रुपमध्ये बंद होत नाहीत. पत्रिकेवर बोट दाबून ‘माहिती’ उघडली की कोणी किती वाजता वाचलं ते यजमानाला दिसतं, आणि यजमानाच्या आईला तो दाखवतो.

दाट तिथीचा पेच वेगळा. एकाच दिवशी शिरपूर, दोंडाईचा, धुळे आणि गावातलंच एक. तेव्हा घर वाटून द्यावं : वडील गावातल्याला, तुम्ही धुळ्याला, धाकटा दोंडाईच्याला, कारण तिकडचे लोक फोटोत कोण आलं ते पाहतात. चौथीकडे गोरज मुहूर्त असेल तर जो आधी मोकळा होईल तो. चौघांनाही ‘सहकुटुंब येतो’ लिहायचा मोह आवरा.

उत्तर टाकण्याआधी ग्रुप जरा वर सरकवून पाहा. पत्रिकेच्या वरच कोणाच्या गंधमुक्तीची, म्हणजे दुखवट्याची, सूचना असते. तिथे पडलेलं ‘वा! धमाल करू’ काढायला दोन-अडीच दिवसांची मुदत मिळते, वाचायला लोकांना दोन मिनिटं पुरतात.

पत्रिकेच्या फाइलीच्या नावाशेवटी ‘एपीके’ असेल तर ती पत्रिका नव्हे. फोटो, पीडीएफ किंवा व्हिडिओ ही पत्रिकेची रूपं. एपीके म्हणजे फोनात शिरणारं अ‍ॅप. हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याने २०२५ मध्ये अशी ‘पत्रिका’ उघडली आणि जवळपास दोन लाख रुपये गमावले. अनोळखी नंबरावरून इतक्या आग्रहाने कोणी बोलावत असेल तर आधी वडिलांना विचारा, हे लग्न कोणाचं? त्यांना ठाऊक नसेल तर ते लग्न नाहीच. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

राहिला आहेर. सोनगीर हे तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. आहेराच्या कळशीवर, परातीवर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असे, त्यामुळे कोण आलं होतं, कोणी काय दिलं, हे नातवंडांनाही वाचता येई. आता मांडवाच्या दाराशी वहीवाल्याशेजारी चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटवलेला असतो. लग्नाला जायचं नसेल तर घरूनच पाठवा, पण शेवटी एक रुपया आठवणीने जोडा, आणि ‘नोट’च्या जागी घरातल्या वडीलधाऱ्याचं नाव लिहा. तुमच्या खात्यावरचं इंग्रजी नाव वहीवाल्याला ओळखू येत नाही. पैसे पोचल्याचा स्क्रीनशॉट यजमानाला एकट्याला पाठवावा. ग्रुपवर टाकू नये, दोनशे एक्कावन्न पाठवले असतील तर मुळीच नाही.