मुलूखगिरी, मुक्काम कामोठे

दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलूखगिरीस बाहेर पडावे आणि मृगाचे ढग दिसू लागले की छावणीस परतावे, हा मराठी शिलेदाराचा शिरस्ता पेशवाईबरोबरच संपुष्टात आला, असे आमचे शाळेच्या पुस्तकांवरून झालेले मत होते. कामोठ्यास बिऱ्हाड केल्यापासून ते बदलणे आम्हांस भाग पडले. आमच्याच जिन्याने वर राहणारा एक तरुण (तरुण म्हणावयाचे ते केवळ लग्न व्हावयाचे आहे म्हणून, एरवी चौतिशी उलटली आहे) गेली पंधरा वर्षे हा शिरस्ता बिनबोभाट पाळीत आला आहे. नवरात्राच्या सुमारास एक चाकांची बॅग जिन्यावरून धडधडत खाली जाते आणि मे महिन्यात, सोसायटीत पाण्याचे टँकर येऊ लागले की, तीच बॅग एक चाक गमावून वर येते. मधल्या काळात स्वारी कोठे होती, या प्रश्नाचे उत्तर दर साल निराळे असते: ऐझॉल, मडगाव, कोलकाता, काठमांडू, माले. हा व्यावसायिक फुटबॉलपटू आहे. पण ज्याची तसबीर मुले भिंतीवर लावतात त्यांतला नव्हे, तर संघाच्या छायाचित्रात मागल्या रांगेत उभ्या असलेल्या, ज्याच्या अर्ध्या चेहऱ्याआड नेहमी गोलरक्षकाचा खांदा येतो, त्या वर्गातला.

त्याचे मूळ कोल्हापूरकडचे. तेथे फुटबॉल हा क्लबांचा नसून तालमींचा खेळ आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही तालमींची नावे शाहू स्टेडियमवर अकरा-अकरा जणांच्या रूपाने उतरतात, आणि ज्या पेठेचा संघ हरतो तेथे दोन दिवस तांबड्या रश्श्याला चव राहत नाही. त्याच गावचा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला आणि पुढे इंग्लंडात ब्लॅकबर्नला काही काळ प्रशिक्षण घेऊन आला. आमच्या शेजाऱ्याच्या घरी त्या गुणी मुलाचा उल्लेख मात्र ‘तुझ्यापेक्षा किती लहान आहे बघ’ या एकाच वाक्यात होतो. कामोठे या माणसास मानवते याचेही आम्हांस नवल वाटत नाही. सिडकोने वसविलेल्या या नगरात ‘तुम्ही कुठले?’ असे विचारले असता ‘इथलाच’ म्हणणारा मनुष्य गावठाणाबाहेर क्वचितच भेटतो. बाकी सातारा, सांगली, कोल्हापूर, खानदेश येथून आलेली सगळी प्रजा दिवाळीच्या आदल्या रात्री कळंबोलीच्या नाक्यावर एसटीची वाट पाहत उभी असते. जेथे सर्वच मुक्कामाला आले आहेत, तेथे एक जण थोडा अधिक वेळा उठतो, एवढेच.

शिलेदार आणि बारगीर यांतील भेद वाचकांस ठाऊक असेलच. बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. घोडा मेला तर बारगिराचे नुकसान सरकारच्या दप्तरी मांडले जाई, शिलेदाराचे त्याच्या घरी. फुटबॉलात घोड्याच्या जागी गुडघा समजावा. एके काळी मुंबईचे फुटबॉलपटू बारगीर होते: टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, रेल्वे, एअर इंडिया, बँक ऑफ इंडिया अशा आस्थापना त्यांना नोकरीस ठेवीत, सायंकाळी कूपरेजवर खेळवीत, आणि गुडघा गेला की टेबलामागे बसवून निवृत्तिवेतनापर्यंत सांभाळीत. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकात ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढविणारा नेव्हिल डिसोझा हादेखील मुंबईत टाटांच्या संघातून खेळत असे. पुढे क्लब आले, करारनामे आले, तनखा वाढला आणि घोडा ज्याचा त्याचा झाला. आमच्या शेजाऱ्याच्या उजव्या गुडघ्यावर दोन शस्त्रक्रिया झाल्या आहेत, आणि जिना चढताना तो कठड्याला ज्या अदबीने धरतो, त्या अदबीने त्याने कोणत्याही प्रशिक्षकाचा हात धरला नसेल.

त्याच्या मातुःश्रींचे गाऱ्हाणे निराळेच आहे. मुलगा पांढऱ्या पायाचा आहे, असे त्यांच्या एका नणंदेने चारचौघांत म्हटले. आणि पायावरच ज्याचे पोट, त्याच्याविषयी याहून विषारी बोल संभवत नाही. दुर्दैवाने कालगणना नणंदेच्या बाजूची आहे. महिंद्रा युनायटेड २०१० साली बंद झाला. डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे तीन मातब्बर संघ २०१६ साली आय-लीगमधून बाहेर पडले. मुंबई एफसी २०१७ च्या सुमारास, तर एफसी पुणे सिटी २०१९ साली मावळला. यांपैकी सर्वांकडे हा काही खेळला नव्हता (एका ठिकाणी तर केवळ चाचणीस गेला होता), परंतु बदनामीस तेवढे पुरते. मातुःश्रींनी उपाय म्हणून बुडालेल्या संघांच्या जर्सी एकत्र करून त्यांची गोधडी शिवली. पाठीवरचे आकडे उसवायचे राहिल्यामुळे पांघरणारास छातीवर १७, पोटावर २२ आणि पायांवर ४ असे अंक येतात. शिवाय कापड पडले पॉलिस्टरचे, त्यामुळे ऊब येत नाही, घाम तेवढा येतो.

मुलूखगिरीच्या हकीकती मात्र रसाळ असतात. कोलकात्यात भाडोत्री सामना खेळून येण्यास ‘खेप’ म्हणतात. क्लबाचा करार खिशात असताना दुसऱ्याच नावाने एखाद्या पाड्याच्या मैदानात उतरावे, रोख मोबदला घ्यावा आणि रातोरात परतावे. ‘आपल्याकडं पाण्याची खेप, तिकडं पायाची,’ असा त्याने केलेला तर्जुमा आम्हांस अनेक कोशांहून समर्पक वाटला. केरळातल्या मलप्पुरममध्ये भाताची कापणी झाली की दिव्यांच्या उजेडात सात-सात जणांचे सामने झडतात, आफ्रिकेतून आलेले धिप्पाड गडी खांद्याला खांदा घासतात, आणि फुटबॉल महासंघाची मान्यता नसलेल्या त्या खेळास जेवढी गर्दी लोटते तेवढी मान्यताप्राप्त सामन्यांस क्वचित लोटते. मालेस तो एक हंगाम होता. ‘परदेश’ या शब्दाने आमच्या सोसायटीत मोठी खळबळ उडाली होती. पण ते बेट जेमतेम दोन चौरस किलोमीटरांचे असल्याने, सामना हरल्यावर तोंड चुकवायला जागाच नाही, किराणावालाही प्रेक्षक आणि न्हावीही प्रेक्षक, अशी त्याची तक्रार होती.

‘मग समुद्रकिनारी गेलास की नाही?’ आमच्या सौभाग्यवतींनी विचारले.

‘काकू, तिथं किनाऱ्याशिवाय जायला आहेच काय?’

करारनाम्यांचे त्याचे ज्ञान एखाद्या मामलेदार कचेरीतील कारकुनास लाजविणारे आहे. दोन महिन्यांचे वेतन बेकायदा थकले असता पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन खेळाडूस करार मोडता येतो, हे फिफाचे कलम तो स्तोत्रासारखे म्हणतो. आणि एका क्लबाविरुद्ध, ज्याचे नाव तो घेत नाही व आम्हीही घेणार नाही, ते चालवूनही पाहिले आहे. निकाल बाजूने लागला. पैसे यावयाचे आहेत. एका हंगामात त्याच्या क्लबाने त्यास दुसऱ्या क्लबाकडे ‘लोन’वर धाडले असता, त्याच आठवड्यात त्याने घरासाठी बँकेत अर्ज केला, तेव्हा खिडकीवरील गृहस्थांनी कागद दोनदा चाळून, जो स्वतःच उसना दिला गेला आहे त्यास उसने कसे द्यावे, अशा अर्थाची मुद्रा केली. स्थळे पाहण्याच्या प्रसंगीही हीच आपत्ती. वधुपित्याने ‘पगार?’ म्हणून विचारावे, याने प्रामाणिकपणे आकडा सांगावा, त्यांची कळी खुलावी, आणि मग याने तितक्याच प्रामाणिकपणे ‘वर्षातले सात महिने’ हे शेपूट जोडावे.

२०२५ चा दसरा मोठा विलक्षण गेला. महासंघ आणि लीग चालविणारी कंपनी यांच्यामधील पंधरा वर्षांचा करार डिसेंबरात संपावयाचा, नव्याचा पत्ता नाही, म्हणून इंडियन सुपर लीग (आयएसएल) जुलैतच स्थगित झालेली; थोर सरदारांचीच छावणी उठेना, तेथे आमच्या शिलेदारास कोण विचारतो? खंडेनवमीस मातुःश्रींनी विळी, कोयता आणि पान्हा यांच्या शेजारी त्याचे बूट पाटावर मांडले, खिळ्यांना हळदकुंकू लावले, झेंडूचे फूल ठेवले. आणि पुढे महिनाभर ते बूट गॅलरीत, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून, तसेच पडून राहिले. तो सायंकाळी भाड्याच्या टर्फवर मुलांना शिकवी. ‘सर, तुमचे यूट्यूबवर गोल आहेत का?’ असे एका चिरंजीवाने विचारले. ‘मी गोल होऊ देत नसे,’ असे उत्तर त्याने दिले, आणि ते अगदीच खोटे नव्हते.

कार्तिक सरता सरता मलप्पुरमहून दूरध्वनी आला. मोबदला किती, राहावयास कोठे, जेवणाचे काय, यांपैकी एकही प्रश्न त्याने विचारला नाही. ‘ग्राउंड मिट्टी का है या घास का?’ एवढेच विचारून तो गॅलरीत गेला आणि बुटांतील कागदाचे बोळे काढू लागला. नव्या विमानतळाचे उद्घाटन आमच्या खिडकीपासून हाकेच्या अंतरावर ८ ऑक्टोबरला थाटामाटाने झाले होते, पण ही मोहीम पनवेलहून नेत्रावती एक्सप्रेसने निघावयाची होती. तीन चाकांची बॅग दुसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचली, तोच वरून मातुःश्रींची हाक आली.

‘अरे, गोधडी राहिली!’

‘आई, केरळात गोधडी कशाला?’

‘मग उशाला घे.’

तो गुडघा सांभाळीत पुन्हा दोन मजले वर चढला.