श्री. कर्कश यांस अनावृत पत्र

प्रति,
श्री. कर्कश,
विशेषण (सर्व खाती)

स. न. वि. वि.

आधी अभिनंदन. मराठीत आज नकोशा आवाजाची एकही जागा आपल्या सहीशिवाय भरली जात नाही. ट्रकचा हॉर्न कर्कश, मंडईतला डीजे कर्कश, कावळा कर्कश, गिरणीचा भोंगा कर्कश आणि वाहिनीवरची रात्रीची चर्चाही कर्कशच. आमच्या तिरोड्याचेच घ्या. गावावरून मुंबई-हावडा लोहमार्ग जातो, तालुक्यात धानाच्या गिरण्या आहेत, शेजारी 3300 मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आहे, दिवाळी सरली की गावोगावी मंडईची जत्रा भरते. या सगळ्यांचे आवाज एकमेकांसारखे मुळीच नाहीत. पण कुणी तक्रारअर्ज लिहायला बसले किंवा बातमीदाराने पेन उचलले, की आपण एकटेच हजर. एकाच माणसाने सरपंच, तलाठी आणि कोतवाल व्हावे आणि गावाने त्याला कार्यक्षम म्हणावे, तशी आपली ख्याती आहे.

माझे म्हणणे एवढेच की आपण निकाल आहात, साक्ष नव्हे. ‘आवाज कर्कश होता’ या वाक्यातून ऐकणाऱ्याला त्रास झाला हे कळते. आवाज कशाचा, कसा, कुठून, यातले काही कळत नाही. आपण ज्यांना घरी बसवले त्यांना हे सांगता येते. धानगिरणीत उभे राहून पाहा. यंत्र नीट चालू असते तेव्हा त्याची एकसंध घरघर असते, तिच्याकडे कुणी वळूनही पाहत नाही. बेअरिंगमधले ग्रीस आटले की किरकिर सुरू होते, छर्रे झिजले की खरखर, पट्टा घसरू लागला की चिरका सूर आणि धानातून खडा आत गेला की खडखड. मिस्त्री याच फरकावरून कुठला नट आधी सैल करायचा ते ठरवतो. त्याला कुणी ‘साहेब, यंत्र कर्कश झाले आहे’ असे कळवले तर तो बिचारा सगळे यंत्र उघडून बसेल.

यावर आपले वकील म्हणतील की हे शब्द बाळबोध आहेत, नुसती आवाजाची नक्कल. मला हा आक्षेप उलटा वाटतो. ज्यांना आपण नक्कल म्हणता त्यांनी मराठीत केवढा संसार थाटला आहे! गिरण्यांना घरघर लागते, तिजोरीत खडखडाट होतो, मूल किरकिर करते, कामगार कुरकुरतात. खरखर कानातून निघून हाताला खरखरीत लागते आणि तिन्हीसांजाही करकरीत होतात. आणि नक्कल म्हणावी तर ती तरी कुठे मनमानी आहे? 2022 साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात तीनशेहून अधिक भाषांची तुलना छापून आली. जिथे ‘र’ जीभ थरथरवून उच्चारतात अशा भाषांत खडबडीतपणा सांगणाऱ्या शब्दांत तो ‘र’, गुळगुळीतपणाच्या शब्दांपेक्षा, बराच अधिक आढळतो. करकर, खरखर, चरचर एका बाजूला. मऊ, मुलायम, गुळगुळीत दुसऱ्या बाजूला. (रेशीम मध्येच येऊन घोटाळा करते, हे मान्य. कल म्हणजे नियम नव्हे.) आपल्याही पोटात तो ‘र’ आहेच. संस्कृतात आपण मुळात हाताला लागणारा खरबरीतपणा होता. म्हणजे आपण याच कुळातले. फक्त साहेब झाल्यावर भाऊबंदांना ओळख देईनासे झालात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शब्द हवेतच कशाला, डेसिबल मोजा. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 ही मर्यादा घातली आहे. आकडा ओलांडला की गुन्हा, वाद संपला. आकडा हवाच, त्यावाचून पोलीस हलणार नाहीत. पण आकडा जोर मोजतो, पोत मोजत नाही. टिनाच्या छपरावरचा पाऊस आणि लोखंड कापणारी करवत यंत्रावर सारखाच आकडा दाखवू शकतात. पावसात माणूस झोपी जातो, करवतीने दात शिवशिवतात. आवाजाचा जोर सेकंदाला साधारण 30 ते 150 वेळा कमीजास्त झाला की कानाला तो खरबरीत लागतो आणि माणसाच्या किंकाळीत नेमका हाच पट्टा भरलेला असतो, असे 2015 मधल्या एका संशोधनात दिसले. कायद्यालाही ही अडचण ठाऊक असावी. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला 119 वा नियम एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न तर नाकारतोच, शिवाय अवाजवी कठोर, तीक्ष्ण, मोठा किंवा दचकवणारा आवाज करणारे साधनही नाकारतो. म्हणजे आकड्यांचा सोस असलेल्या सरकारलाही शेवटी विशेषणांच्या दारी यावे लागले. 2021 मध्ये केंद्रीय वाहतूकमंत्र्यांनी हॉर्नला बासरी, तबला अशा भारतीय वाद्यांचे आवाज देण्याचा विचार बोलून दाखवला होता. त्यामागेही हीच समजूत दिसते की त्रास नुसत्या जोराचा नसतो. फाटकापाशी अडकलेले चाळीस ट्रक एकदम तबला वाजवू लागले तर काय होईल, हा प्रश्न वेगळा.

एक गोष्ट मात्र आपल्याला माफ करता येत नाही. आपण बाईच्या मागे लागलात आणि ‘कर्कशा’ झालात. शब्दकोशात ही भांडखोर बाई आहे. तिच्या जोडीचा पुरुष कुठे आहे? त्याचा चढा आवाज खणखणीत ठरतो, जाड आवाज भारदस्त ठरतो, फारच झाले तर भसाडा. ग्रामसभेत पाण्याचा प्रश्न मोठ्याने विचारणाऱ्या बाईला या एका शब्दाने गप्प करता येते, कारण तो ती काय बोलली याची दखलच घेत नाही. खरखर, करकर यांना हे जमले नसते. त्यांना आवाज आधी ऐकावा लागतो.

तेव्हा मागणी अशी. हॉर्न आणि नियम 119 हे खाते आपल्याकडेच ठेवा. तिथे आपले चांगले चालले आहे. बाकीचा कार्यभार खाली सोपवावा. पोलीस ठाण्यात किंवा नगर परिषदेत आवाजाची तक्रार घेताना वेळ आणि ठिकाण यांखाली ‘आवाज कसा’ अशी एक ओळ असावी आणि तिथे आपले नाव लिहायला मनाई असावी. ‘रात्री अकरानंतर गिरणीच्या पंख्याची खडखड, पंखा थांबला तरी मागे खरखर राहते’ एवढे लिहिले तरी चौकशीला येणाऱ्याला दोन यंत्रे तपासायची आहेत हे दारातच कळेल.

कळावे. लोभ थोडा कमी व्हावा, ही विनंती.

आपला,
एक श्रोता
तिरोडा, जि. गोंदिया