न केलेल्या कामाची तपासणी

केलेलं काम तपासायला दोन डोळे पुरतात. न केलेलं काम कसं तपासायचं? ते नीट केलेलं नाही ना, ठरल्याप्रमाणे टाळलंय ना, आणि टाळणं अगदीच अशक्य झालं त्या क्षणी (आधी नाही, नंतर नाही) गुपचूप उरकलंय ना, हे कसं बघायचं? माझ्याकडे सध्या हेच काम आहे. आळस बरोबर चाललाय की नाही, याच्या टेस्ट लिहायच्या. आळस लिंकरचा आहे, माझा नाही. हे घरी पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

प्रोग्रॅम कितीही स्वाभिमानी असला तरी पडद्यावर एक ओळ छापायची म्हटलं की सी लायब्ररीपुढे हात पसरतो. ही लायब्ररी वेगळ्या फाइलमध्ये, सगळ्यांची सामायिक. ती मेमरीत कुठे उतरेल हे प्रोग्रॅम जोडणाऱ्या लिंकरला आधी ठाऊक नसतं. म्हणून तो म्हणतो, "सुरू झाल्यावर बघू." प्रोग्रॅम सुरू होताना डायनॅमिक लिंकर हजर होतो. लिनक्सवर त्याचं नाव एलडी डॉट एसओ. आता तरी पत्ते शोधेल, तर तोही म्हणतो, "हाक मारशील तेव्हा बघू." याला लेझी बाइंडिंग म्हणतात. तहान लागल्यावर विहीर खणणं हा आपल्याकडे मूर्खपणाचा दाखला. इथे ती रीत स्पेसिफिकेशनमध्ये आकृत्यांसह छापलेली आहे.

आळसाला कारण मात्र चोख आहे. मोठ्या प्रोग्रॅमला बाहेरची हजारो फंक्शनं लागू शकतात. प्रत्येकाचं नाव घेऊन एकामागून एक लायब्ऱ्या धुंडाळायच्या, अक्षर न अक्षर जुळवायचं. त्यात सी प्लस प्लसची नावं दोन-दोन ओळींची. एवढं करून त्यातली बरीचशी फंक्शनं त्या दिवशी कुणी बोलावतच नाही. डिस्क भरली तर काय करायचं, नेट तुटलं तर काय म्हणायचं, अशा प्रसंगांसाठी ती ठेवलेली असतात. सन मायक्रोसिस्टिम्सच्या चार अभियंत्यांनी १९८७ साली सनओएसमधल्या सामायिक लायब्ऱ्यांवर निबंध वाचला, त्यात ही टाळाटाळ पद्धतशीर मांडलेली आहे. पुढे युनिक्सच्या सिस्टिम फाइव्ह रिलीज ४ मध्ये ईएलएफ हा फाइलचा साचा आला आणि टाळाटाळीला कायमची जागा मिळाली.

जागा म्हणजे खरोखरची जागा. पीएलटी नावाचा एक तक्ता असतो. नेहमीच्या ६४ बिटी इंटेल यंत्रावर त्यात प्रत्येक बाहेरच्या फंक्शनच्या नावे १६ बाइट आणि तीन सूचना. पहिली सूचना म्हणते: जीओटी नावाच्या दुसऱ्या तक्त्यात तुझ्या घरात जो पत्ता लिहिलाय तिकडे जा. प्रोग्रॅम बिचारा आशेने तो पत्ता वाचतो. तिथे काय लिहिलेलं असतं? आत्ता तू जिथून आलास, त्याच्याच पुढच्या सूचनेचा पत्ता! एवढी उडी मारून एक पाऊल पुढे. या जागी मी दर वेळी हसतो. ऑफिसात माझ्याशिवाय कुणी हसत नाही, पण त्यांना विनोद समजावून सांगायला मी गेलेलो नाही. दुसरी सूचना फंक्शनचा क्रमांक स्टॅकवर ठेवते, तिसरी तक्त्याच्या पहिल्या घराकडे पाठवते, आणि तिथून एलडी डॉट एसओची झोपमोड होते. तो नाव शोधतो, खरा पत्ता जीओटीत लिहितो आणि फंक्शनकडे उडी मारतो. पुढच्या वेळी पहिलीच सूचना थेट मुक्कामी पोचवते. एका फंक्शनसाठी एकदाच कष्ट. आणि हाकच आली नाही, तर तेही वाचले.

टेस्टसाठी मी दोन फंक्शनांची चिमुकली लायब्ररी केली: पोहे आणि थालीपीठ. प्रोग्रॅम आधी पोहे बोलावतो, आणि सांगितलं तरच थालीपीठ. प्रोग्रॅम जोडून झाला की लायब्ररी पुन्हा बनवायची, थालीपीठ काढून टाकून. आता प्रोग्रॅम चालवा. लिंकर खरा आळशी असेल तर पोहे निमूट मिळतात, आणि थालीपिठाचं नाव काढल्यावरच बोंब होते: सिम्बॉल लुकअप एरर, अंडिफाइंड सिम्बॉल, थालीपीठ. प्रोग्रॅम १२७ हा निकाल मागे ठेवून जागीच संपतो. एलडी_बाइंड_नाऊ हा एन्व्हायर्नमेंटमधला चल ठेवला, तर मात्र पोह्यांआधीच, दारातच, तीच बोंब.

आई चहा घेऊन आली होती. पडद्याकडे बघून म्हणाली, "थालीपीठ नाही म्हणतोय का?"

"नाहीच आहे. मीच काढलंय."

"मग ते आधी सांगायचं ना त्याने. पोहे खाऊ घालून मग कसलं सांगतोय?"

"आई, तेच तपासतोय."

"आणि त्याने आधी सांगितलं असतं तर?"

"तर टेस्ट नापास."

कप ठेवून ती गेली. बाबांना स्वयंपाकघरात काय सांगितलं ते मला ऐकू आलं, पण इथे लिहीत नाही.

तिचा मुद्दा जगाने मान्य केलाय, हे तिला सांगायला हवं होतं. आळसासाठी जीओटीची घरं शेवटपर्यंत लिहिण्याजोगी ठेवावी लागतात. हाक केव्हा येईल ते कुणी सांगावं! आणि जिथे एलडी डॉट एसओ लिहू शकतो तिथे, प्रोग्रॅमात एखादं भोक सापडलं की, चोरही लिहू शकतो. पोह्यांच्या घरात आपला पत्ता लिहून ठेवला की पुढची हाक थेट चोराच्या दारात. म्हणून आता सगळे पत्ते सुरुवातीलाच भरायचे आणि तक्ता कुलूपबंद करायचा, याला फुल रेलरो म्हणतात. नेहमीच्या पीसीवरच्या उबुंटूत १६.१० पासून कंपायलरची मूळ सवयच ही आहे. मसल ही सी लायब्ररी आळस मुळी मानतच नाही, अँड्रॉइडचा लिंकरही नाही. परिणामी उबुंटूवर माझी पोहे-थालीपीठ टेस्ट जशीच्या तशी चालवली तर सुरुवातीलाच कोसळते, आणि लिंकरला '-झेड लेझी' असा लेखी हुकूम द्यावा लागतो: कृपया आळशी व्हा. आळशी राहायला अर्ज करावा लागतो, हे दिवस बघायचे होते.

आळसाच्याही मर्यादा आहेत. फंक्शनला नुसती हाक मारली तर टोलवाटोलवी चालते, पण कोडमध्ये थालीपिठाचा पत्ताच मागून घेतलात, पॉइंटरमध्ये ठेवायला म्हणून, तर तो सुरू होतानाच खरा द्यावा लागतो. लायब्ररीतल्या चलांचंही तेच. त्यांना हाक मारतच नाहीत, तर हाकेची वाट कशी बघणार? म्हणून असा पत्ता मागणाऱ्या टेस्टमध्ये आळस असूनही थालीपीठ दारातच अडकलं, तर टेस्ट पास समजायची. हे टेस्टच्या शेऱ्यात लिहिताना तीन वेळा वाक्य खोडलं.

एलडी डॉट एसओला रोजनिशी लिहायला लावता येतं: एलडी_डीबग या चलात 'बाइंडिंग्ज' लिहायचं, की कुणाला कोणता पत्ता केव्हा दिला ते तो एकेक ओळ सांगत जातो. ती वाचताना सावध राहावं. मी 'प्रिंटएफ' लिहिलं होतं, रोजनिशीत भेटलं 'पुट्स'. साधं वाक्य आणि शेवटी नवी ओळ एवढंच असेल तर कंपायलर परस्पर माणूस बदलतो. आणि सगळं पाइपमधून दुसरीकडे वळवलं तर प्रोग्रॅमचं बोलणं बफरमध्ये अडकतं, रोजनिशी पुढे निघून येते आणि आळशी लिंकर कमालीचा तत्पर दिसू लागतो.

राहिला तो एलडी_बाइंड_नाऊ. त्याची किंमत १ ठेवली तर पत्ते ताबडतोब भरले जातात, हे कुणालाही पटेल. मग ० ठेवली तर? तरीही ताबडतोब. चल रिकामा नाही एवढंच ग्लिबसी (एलडी डॉट एसओ जिच्यासोबत येतो ती सी लायब्ररी) बघते, आत काय लिहिलंय ते वाचायचे कष्ट घेत नाही. म्हणून आमच्या टेस्टमध्ये एक ओळ अशी आहे: एलडी_बाइंड_नाऊ बरोबर 'नको', अपेक्षित निकाल, ताबडतोब.