मोरी आत की बाहेर?

"बाय, कळलं का? पलीकडच्या आळीत खोलीचं भाडं चार हजार झालं!"

काकूंनी अंगणात सुकट पसरता पसरता बातमी कुंपणाच्या अलीकडे सोडली.

"चार? पत्र्याच्या खोलीला?"

"पत्रा काय नि स्लॅब काय! मोरी आत असली की चार, बाहेर असली की तीन. आमच्या चाळीची मोरी बाहेर, म्हणून मी आपली तीनवर."

उरण तालुक्यातल्या आमच्या गावात भात कधीच गेला, आता पीक निघतं ते खोल्यांचं. काकूंच्या परसात सहा आहेत. एकीत ट्रेलरचे चार ड्रायव्हर. दोघे दिवसा झोपतात, दोघे रात्री, त्यामुळे खाटा दोनच. दुसरीत कंटेनर यार्डातली झारखंडची पोरं, नक्की किती ते काकू विचारत नाहीत. तिसरीत विमानतळाच्या कामावर आलेला सेंट्रिंगवाला, बायको आणि दोन लेकरं.

"हा ठेकेदाराच्या कॅम्पात का नाही राहत?" मी विचारलं.

"तिथं शेडमध्ये सगळे बाप्येच. बायकोला ठेवायची कुठं?"

दुसऱ्या राज्यातून मजूर आणला तर त्याच्या राहण्याची सोय ठेकेदारानेच करायची, असा १९७९ चा कायदा होता. मी मोठ्या उत्साहाने तो सांगितला. काकू म्हणाल्या, "मग माझं भाडं ठेकेदाराकडनं घेऊ का?"

यावर मी काय बोलणार!

"सेंट्रिंगवाल्याची बायको मात्र हुशार हो. तांदळाची भाकरी माझ्या सुनेपेक्षा पातळ थापते. सुनेला सांगू नको. काल म्हणाली, काकू, गॅसच्या नोंदणीला भाड्याचा कागद द्या. कुठला कागद देऊ? माझ्याच घराला कागद नाही!"

गोष्ट इथे येऊन अडते, आणि आमच्याकडे ती १९७० पासून अडलेली आहे. त्या साली सिडको आली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात धरल्या. गावठाण होतं तेवढंच राहिलं. पण माणसं तेवढीच कशी राहतील? मुलांची लग्नं झाली, नातवंडं आली, आणि एके काळी आपलीच असलेल्या जमिनीवर भिंती उभ्या राहिल्या. सरकारी भाषेत अनधिकृत, आमच्या भाषेत गरजेपोटी. १९८४ च्या जानेवारीत जमिनीच्या मोबदल्यासाठी प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांच्या मागे लोक रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि त्यातूनच पुढे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. काकूंच्या दिरांनी साडेबाराचा प्लॉट बिल्डरला दिला. आता ते सातव्या मजल्यावर राहतात आणि जाळं कुठे वाळत घालायचं म्हणून सोसायटीशी भांडतात.

"भाऊजींचं सोड," काकू म्हणाल्या, "माझं माहेर बघ. शेव्याचं."

माहेराचा विषय निघाला की काकूंचा हात थांबतो. न्हावा-शेवा बंदरासाठी ऐंशीच्या दशकात शेवा कोळीवाडा उठवला आणि लोकांना उरणजवळ बसवलं. त्याचंच नाव हनुमान कोळीवाडा. जागा तोकडी, आणि त्या जागेला वाळवी. दारं खाल्ली, वासे खाल्ले. बंदर १९८९ मध्ये सुरू झालं, जगभरचे कंटेनर तिथे उतरतात, आणि माहेरची माणसं अजून पुनर्वसनाच्या बैठका मोजतात.

"उलव्याचं तेच," मी म्हटलं. "टॉवरवर नाव उलवे, आणि मूळ उलवे गाव विमानतळात गेलं."

"डोंगरसुद्धा गेला, बाय. डोंगराला कोण भूखंड देणार?"

मग बोलणं पाण्यावर गेलं, जसं रोजच जातं. नळाला पाणी नाही ते या परप्रांतीयांमुळे, असं काकूंचं ठाम मत. "सहा खोल्यांना नळ एक, आणि तो तुम्हीच घातला," असं मी म्हटल्यावर त्यांनी सुकट दोनदा उलटीपालटी केली. रागावतात, पण २०२० च्या टाळेबंदीत याच भाडेकरूंच्या पेट्या त्यांनी माळ्यावर जपल्या होत्या. पनवेलहून श्रमिक गाड्या सुटल्या तेव्हा खोल्या ओस पडल्या, भाडं बंद झालं, मुलाचंही यार्डातलं काम बंद. तेव्हा सगळ्या गावाला कळलं की आपली चूल कुणाच्या पगारावर पेटते. नंतर विसरलं म्हणा.

"एवढी माणसं येतात तर सरकार घरं का बांधत नाही?" काकूंचा सवाल.

"बांधते की. सिडकोने २०२४ मध्ये २६ हजार घरांची योजना काढली. त्यात सगळ्यात स्वस्त घर तळोज्याला, तेही २५ लाखांच्या पुढे होतं."

"म्हणजे सेंट्रिंगवाला माझ्याकडेच राहणार," काकू निश्चिंत झाल्या.

अटल सेतू आणि उरणची लोकल यांचं उद्घाटन एकाच दिवशी, १२ जानेवारी २०२४ ला झालं, तेव्हापासून दलालांच्या गाड्या आमच्या आळीत फिरतात. काकूंना मात्र वेगळीच चिंता आहे. गरजेपोटीची घरं नियमित करण्याच्या २०२२ च्या निर्णयात गावठाणापासून २५० मीटरची रेघ आली. त्यांच्या मुलाने टेप धरून मोजलं.

"स्वयंपाकघर आत येतं. चाळ बाहेर."

"मग मोजणीवाले आले की?"

"त्यांना चहा स्वयंपाकघरात. आणि ड्रायव्हरांना आत्ताच सांगून ठेवलंय, त्या दिवशी चौघांनीही दिवसपाळी घ्या."