हेडमास्तरांनी खिचडी खाल्ली हो!

अहो वहिनी, ऐकलंत का? काल भर व्हरांड्यात हेडमास्तरांना खिचडी खावी लागली! शाळेचीच हो, पोरांची. हळू बोलते, त्यांची भाची पलीकडच्याच वाड्यात दिलीये...

आमच्या धाकट्या वन्सं शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत ना, त्या गेल्या न सांगता, बरोब्बर जेवणाच्या सुट्टीत. पातेल्यावरचं झाकण काढलं तर पिवळं पाणी आणि त्यात मटकी पोहतेय. मोजून घ्यावी इतकीच! वन्सं म्हणाल्या, "सर, चव रजिस्टर दाखवा बघू." सर म्हणतात, "आहे की, एकदम अपडेट." होतंच हो अपडेट! उद्याच्या तारखेपुढेही 'चव उत्तम' आणि खाली सही! चेहरा असा उतरला म्हणता...

वाढायच्या आधी मोठ्यांनी, त्यात एका शिक्षकानं तरी, चाखून बघायचं हा नियमच आहे की. बिहारात छपऱ्याकडे त्या गंडामन गावात २०१३ मध्ये शाळेचं जेवण खाऊन २३ पोरं गेली. तेलात कीटकनाशक! स्वयंपाकीण बिचारी तेल बरं दिसत नाही म्हणत होती म्हणे, पण मुख्याध्यापिका बाईंनी ऐकलं नाही. बाईंना २०१६ मध्ये शिक्षा झाली, पण पोरं काय परत येणारेत...

तर काय सांगत होते? हां, मटकी. पाचवीपर्यंतच्या पोरामागे दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ-कडधान्य ठरलेलंय. आता कागदावर ८० पोरं लिहिली आणि पंगतीत बसली ६०, की झाला ना दोन किलो तांदूळ रोजचा बाजूला! वन्संनी तिथल्या तिथे डोकी मोजली. आहाराच्या ॲपवर भरलेला आकडा निघाला भलताच. सर घाम पुसत म्हणाले, "नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे." नेटवर्कनं पोरं वाढतात, हे मला बाई नवीनच!

मग काढला सगळ्यांनी खिचडीवाल्या मावशींवर राग. मावशी रडायलाच लागल्या. अडीच हजार महिन्याचं मानधन, तेही येईल तेव्हा खरं. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "ताई, पोतं सोडलं की जाळ्या निघतात. निवडून निवडून किती निवडू? आणि ५० किलोचं म्हणून उतरवतात, पण काटा कुणी लावलाय का कधी?" सगळे गप्प. टेम्पोवाल्याला घाई असते, सर पावतीवर सही करून मोकळे होतात. मी तर म्हणते, आधी त्या धान्याच्या ठेकेदाराला उभा करा पोरांसमोर. पण त्याचं नाव निघालं की सरपंचांना नेमका फोन येतो. कालही आला. बोलत बोलत जे फाटकाबाहेर गेले, ते गेलेच!

वन्संनी मोबाइल काढला, तर त्यांचेच यजमान लागले मागे ओढायला. "मिर्झापूरचं विसरलीस का?" म्हणाले. खरंच आहे हो. २०१९ मध्ये तिकडे पोरांना मीठ-पोळी वाढली, आणि केस कुणावर? व्हिडिओ काढणाऱ्या पत्रकारावर! पण आमच्या वन्सं कसल्या ऐकतायत. अख्खा शूट केला. वर वाटीभर खिचडी सरांपुढे धरली, "घ्या सर, उद्याची सही तर झालीच आहे." दोन घास कसेबसे गेले. तिसऱ्याला खडा लागला. चौथीतली एक चिमुरडी फस्सकन हसली, मग काय, सगळी पंगतच...

पोरांच्या अंड्याचं तर विचारूच नका. २०२३ मध्ये किती गाजावाजा, आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्याला केळं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं हात आखडला, म्हणे लोकसहभागातून द्या. लोक म्हणजे कोण? तुम्ही आणि मी! इथे बाजारात अंड्याचा भाव ऐकून मीच ट्रे खाली ठेवते.

बरं, आज शाळेत तराजू आलाय म्हणे, आणि वरण चक्क दाट होतं. मावशींनीच निरोप धाडला. हेडमास्तरीणबाई मात्र संध्याकाळी भजनात माझ्याकडे पाठ करून बसल्या. मी काय केलं हो? मी फक्त चार घरी सांगितलं!